जस्त, क्रोम की सिल्वर पेंट? खानापूरच्या पावसात लोखंड टिकवायचं तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. खानापूरजवळ फॅब्रिकेशनचं दुकान टाकून दोन वर्षं झालीत, गेट, गोठ्याचे शेड, पाण्याच्या टाकीचे स्टँड करतोस, रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट मारून देतोस, आणि जांबोटी बाजूच्या गिऱ्हाइकांची गेटं दुसऱ्या पावसाळ्यातच वेल्डिंगच्या जागी तांबडी पडायला लागलीत. एक जण म्हणतो झिंक प्लेटिंग (विजेनं जस्ताचा पातळ थर चढवणं) करून आण, दुसरा म्हणतो गरम जस्तात बुडव, तिसरा कोल्ड गॅल्व्हनायझिंगचा स्प्रे दाखवतो, आणि पेंटचा दुकानदार म्हणतो सिल्वर मार, तेही गॅल्व्हनायझिंगच. काका यातलं खरं कुठलं, असं विचारलंयस. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, प्लेटिंग आणि गॅल्व्हनायझिंगच्याच कामात बावीस वर्षं काढलीत, त्यामुळं हातानं केलेलं तेवढंच सांगतो, जरा लांबेल.

आधी घरातल्या दोन वस्तू बघ. एक जस्ती बादली आणि एक गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा. दोन्ही लोखंडी पत्र्याचेच, बादलीवर जस्त आहे आणि डब्यावर कथील. बादली विहिरीच्या कठड्यावर घासून घासून ओरखडे पडतात तरी त्या ओरखड्यात वर्षानुवर्षं गंज दिसत नाही. आणि तेलाचा डबा रिकामा झाल्यावर परड्यात टाकला, एक पाऊस झाला की जिथं पोचा आलाय, जिथं कापलाय तिथून तांबडा होतो आणि वर्षभरात चाळण. डब्याचं कथील तर बादलीच्या जस्तापेक्षा चकचकीत असतंय. मग असं का?

कारण जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. ओलाव्यात दोन धातू एकमेकांना चिकटून असले की त्यांची बॅटरीच तयार होते, आणि त्यातला जो जास्त चळवळ्या तो झिजतो, दुसरा वाचतो. याचं माप व्होल्टमध्ये असतं. जस्ताचं उणे ०.७६, लोखंडाचं उणे ०.४४, निकेलचं उणे ०.२५, कथलाचं उणे ०.१४, तांब्याचं अधिक ०.३४. लोखंडापेक्षा खाली असलेलं जस्त ओरखडा पडला तरी आजूबाजूनं झिजत झिजत ती उघडी जागा सांभाळतं, म्हणजे दोन-चार मिलिमीटरची जागा, हातभर उघडं लोखंड नाही सांभाळणार. आणि लोखंडाच्या वर असलेले निकेल, कथील, तांबं हे फक्त झाकण. झाकण अखंड आहे तोवर उत्तम, एक बारीक भोक पडलं की उलटं होतं, आता लोखंड झिजतं आणि वरचा चकचकीत थर वाचतो, आणि सगळी झीज त्या एका टाचणीएवढ्या भोकात एकवटते म्हणून गंज खोल जातो. तुला पटत नसेल तर जस्ती तारेचा तुकडा आणि तेलाच्या डब्याचा तुकडा दोन्हीवर खिळ्यानं रेघ ओढ, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस ठेव, उघडून बघ. मी नवीन पोरगं कामाला आलं की त्याला पहिल्यांदा हेच करायला लावतो.

म्हणून कुठलाही मुलामा समोर आला की पहिला प्रश्न हा, की हा लोखंडासाठी झिजणारा आहे की नुसता झाकणारा. आणि दुसरा प्रश्न, थर किती मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). आपल्याकडं सगळे चकाकी बघतात आणि किलोचा रेट विचारतात, मायक्रॉन कोणीच विचारत नाही, आणि तुझ्या गिऱ्हाइकांचं नुकसान बहुतेक तिथंच होतंय.

मायक्रॉनचा हिशेब सोपा आहे. जस्त हवेत ठराविक वेगानं झिजतं. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे वर्ग पाडलेत, मध्यम म्हणजे सी-३ वर्गात जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन जातं, समुद्राकाठच्या सी-५ मध्ये ४.२ ते ८.४. त्याच सी-३ हवेत उघडं लोखंड २५ ते ५० मायक्रॉन जातं, यावरून कळेल जस्त किती हळू खपतं ते. अथणी, रायबाग बाजूला हवा कोरडी, तिथं मी कमी धरतो, पण तुमच्याकडं कणकुंबी-जांबोटीला चार महिने लोखंड वाळतच नाही तर हिशेबाला मी वर्षाला दोन मायक्रॉन धरतो. आता बघ, साधं झिंक प्लेटिंग बाजारात ८ मायक्रॉन मिळतं, म्हणजे चार वर्षं, तेही नशीब चांगलं असेल आणि कोपऱ्यात थर बसला असेल तर. गरम जस्तात बुडवलेल्या २ ते ५ मिमी जाडीच्या मालावर आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणं चौरस मीटरला ४६० ग्रॅम जस्त पाहिजे. ७ ग्रॅमच्या आसपास म्हणजे एक मायक्रॉन, तर हे झाले ६४ मायक्रॉन. तीस वर्षं. ५ मिमी आणि त्याहून जाड अँगल-चॅनलला ६१० ग्रॅम, म्हणजे ८५ मायक्रॉन. तेच गेट गोव्यात समुद्राकाठी गेलं तर ६४ मायक्रॉनचे दहा-बारा वर्षं समज आणि प्लेटिंगचं एक-दोन वर्षांतच संपेल. चोर्ला घाट उतरला की हिशेब बदलतो, त्यामुळं तिकडची ऑर्डर घेताना माल कुठं बसणार ते आधी विचारून घे.

इथं एक मोठी फसगत आहे ती सांगतो. तू दुकानातून चौकोनी पाइप आणतोस तो जीपी असतो की जीआय, कधी विचारलंस का? जीपी म्हणजे आधी पातळ पट्टीला जस्त देऊन मग पट्टी वळवून केलेला पाइप. त्यावर बहुतेक वेळा दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम असतात, म्हणजे एका बाजूला साडेआठ मायक्रॉनसुद्धा नाही. पाइप तयार झाल्यावर आख्खा बुडवलेला जो जीआय, त्यावर याच्या कितीतरी पट. दोन्ही दिसायला सारखेच, उलट जीपी जास्त गुळगुळीत आणि चमकदार. गिऱ्हाईक म्हणतंय मी गॅल्व्हनाइज पाइप लावला तरी गंजला, अन् ते खरंच बोलतंय. पाइपवाल्याला ग्रॅम विचार, सांगता येत नसेल तर पाच-दहा हजारांत मायक्रॉन मोजायचं मॅग्नेटिक गेज मिळतं ते घेऊन ठेव, पहिल्या दोन ऑर्डरीत पैसे वसूल होतात.

आणि जीआय पाइप आणून वेल्ड केलास तरी वेल्डच्या जागी जस्त उरतच नाही. जस्त ४१९ अंशाला वितळतं, ९०७ ला वाफ होतं, वेल्डिंगचं तापमान त्याच्या कितीतरी वर, मग जॉइंटच्या दोन्ही बाजूला बोटभर जागा उघडी पडते. तुझी गेटं तिथंच तांबडी होतात ती म्हणूनच, वर रेड ऑक्साइड मारलेलं असलं तरी खाली स्लॅग (वेल्डवरची काळी कडक साल) आणि धूर बसलेला, पेंट धरणार कशाला. वेल्ड करायच्या आधी जॉइंटला ग्राइंडरनं जस्त काढून टाक, आणि पोरांना तो पांढरा धूर ओढायला देऊ नको. संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला गोड चव येते. दूध पिऊन जातंय म्हणून सगळे दूध पाजतात, दुधानं काही होत नाही, शेडला दोन बाजूनं वारं पाहिजे आणि पंखा पाहिजे.

म्हणून माझं सरळ मत, गेट असो की स्टँड, काळ्या, म्हणजे जस्त न दिलेल्या पाइपात, काळ्या अँगलमध्ये पूर्ण वेल्ड करून मग आख्खं गरम जस्तात बुडव. हेच ते हॉट डिप. आत काय होतं ते समजून घे म्हणजे तुझ्या डिझाइनमध्ये काय बदलायचं ते कळेल. आधी कॉस्टिकनं तेल काढतात, मग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये गंज आणि काळी साल काढतात, मग फ्लक्समध्ये बुडवतात, आणि मग ४५० अंशाच्या जस्तात. फ्लक्स म्हणजे झिंक क्लोराइड आणि अमोनियम क्लोराइड, आणि अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता मारून पातेलं तापवायचा आणि नवसागर टाकून कापसानं कथील फिरवायचा तो पांढरा धूर आठवतोय का, तुझ्या वयाला नसेल आठवत. तेच तत्त्व. नवसागर धातूवरचा शेवटचा मळ खातो म्हणून वरचा धातू धरतो. फरक एवढाच की जस्त लोखंडावर नुसतं बसत नाही, लोखंडाशी एकजीव होऊन मधे मिश्रधातूचे तीन थर करतं, आणि त्यातले काही खालच्या पोलादापेक्षा कडक असतात. म्हणून बुडवलेला माल ट्रकमध्ये आपटला तरी थर निघत नाही, पेंट तर सालपटासारखा निघतो.

आता तुझ्या कामाचं. अ‍ॅसिड गंज काढतं, पण ऑइल पेंट, वेल्डिंगची स्लॅग, मार्करचं लिहिलेलं, स्पॅटर चिकटू नये म्हणून मारलेला सिलिकॉन स्प्रे यातलं काहीच काढत नाही, तिथं जस्त धरत नाही आणि काळे डाग राहतात. मग प्लांटवाल्याशी भांडण. स्लॅग छिन्नीनं पूर्ण पाड, नुसता ब्रश फिरवून चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोकं. बंद पाइप जस्तात कधीही पाठवू नको. मी नवीन असताना एका प्लांटवर होतो, बाहेरून एक फ्रेम आली, चारी बाजूनं पाइप टोकं बंद, त्यात अ‍ॅसिडचं पाणी बारीक फटीतून शिरलेलं, कुणी बघितलं नाही. जस्तात गेली आणि अर्ध्या मिनिटात बंदुकीसारखा आवाज. पाण्याची वाफ झाली की सतराशे पट जागा मागते, पाइप फाटला, वितळलेलं जस्त छपरापर्यंत उडालं, कढईजवळ उभ्या असलेल्या माणसाचा हात खांद्यापर्यंत भाजला. तो माणूस नंतर कामावर आला पण त्या हाताची मूठ पूर्ण मिटत नव्हती. तेव्हापासून मी कुणाचाही जॉब घेताना आधी भोकं मोजतो. प्रत्येक बंद पाइपला दोन भोकं, समोरासमोरच्या तिरक्या टोकांना, एकातून हवा निघायला आणि दुसऱ्यातून जस्त आत-बाहेर व्हायला, १० मिमीपेक्षा बारीक तर नकोच आणि पाइप मोठा असेल तर त्या मानानं मोठं. गसेटच्या (कोपऱ्याला जोर द्यायला लावलेल्या पट्टीच्या) कोपऱ्यातसुद्धा कट मार, नाहीतर तिथं राख अडकते. भोकं काढायला तुला दहा मिनिटं लागतील, न काढल्यानं दुसऱ्या कुणाचा तरी हात जाईल.

पातळ पत्रा जाड फ्रेमला वेल्ड करून बुडवलास तर पत्रा लाटेसारखा वाकडा होतो, कारण पत्रा आधी तापतो, फ्रेम नंतर. फ्रेम वेगळी बुडव, पत्रा वेगळा, नंतर बोल्टानं बसव. आणि गेट बनवायच्या आधी प्लांटच्या कढईची लांबी-रुंदी-खोली विचारून घे, बनवून झाल्यावर विचारू नको.

कधी माल राखाडी, मळकट येतो, चमक नसते. पोलादात सिलिकॉन ०.०४ ते ०.१२ टक्क्यांच्या आसपास असलं की असं होतं, जस्त फार वेगानं धरतं, थर जाड आणि ठिसूळ होतो. दिसायला वाईट, टिकायला कमी नाही, फक्त फार जाड झाला तर आपटल्यावर कपच्या निघतात. गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेव.

नवीन माल आणून पावसात एकावर एक रचून ठेवलास तर पंधरा दिवसांत पांढरी भुकटी येते, व्हाइट रस्ट. जस्ताला वाळायला हवा मिळाली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्यावर घट्ट थर बसतो, तोच पुढं त्याला राखतो. दोन पत्र्यांच्या मधे पाणी कोंडलं की तो थर होतच नाही. मधे लाकडी पट्ट्या घाल, जरा तिरकं ठेव, ताडपत्रीनं गच्च गुंडाळू नको, आतल्या आत घाम धरतो.

आता झिंक प्लेटिंग. हे वाईट नाही, त्याची जागा वेगळी. घरातले ब्रॅकेट, मशीनचे भाग, आटे असलेले छोटे नट-बोल्ट, जिथं माप बिघडून चालत नाही तिथं हेच. वर निळं किंवा पिवळं पॅसिव्हेशन (जस्ताला राखणारा रासायनिक थर) करतात त्यानं आयुष्य वाढतं, रंग शोभेसाठी नाही. पण उघड्या पावसातल्या गेटला ८ मायक्रॉन देऊन वर्षांची गॅरंटी देऊ नको.

बोल्टाचं मात्र नीट ऐक. बोल्टाच्या डोक्यावर ताकदीचा ग्रेड असतो, आकडा मोठा तेवढा बोल्ट कडक, ८.८ ग्रेडपर्यंत बेधडक प्लेटिंग कर. १०.९ आणि १२.९ ला सांभाळ. मी जिथं कामाला होतो त्या युनिटमध्ये एकदा १२.९ चे अ‍ॅलन बोल्ट घाईच्या ऑर्डरीत प्लेटिंग करून त्याच दिवशी दिले, बेकिंग केलंच नाही. पार्टीनं रात्री आवळले, सकाळी बघतायत तर आठ-दहा बोल्टांची डोकी खाली पडलेली, ना गंज ना ओढाताण. अ‍ॅसिडमध्ये आणि प्लेटिंगमध्ये निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि काही तासांनी आतून तडा पाडतो. नशीब मशीन चालू नव्हतं. म्हणून प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल भट्टीत, १९० ते २२० अंश, कमीत कमी चार तास, जेवढं कडक तेवढं जास्त. आणि खरं सांगायचं तर १२.९ ला मी प्लेटिंगच करू नको म्हणतो, झिंक फ्लेक कोटिंग (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा लेप) कर, त्यात वीज नाही, अ‍ॅसिड नाही, हायड्रोजनचा प्रश्नच येत नाही. बुडवलेल्या शेडला मात्र बुडवलेलेच बोल्ट लाव, प्लेटिंगचे नको, शेड तीस वर्षं आणि बोल्ट चार वर्षं असं होतं.

स्प्रेचा डबा, कोल्ड गॅल्व्हनायझिंग. हा पेंटच आहे, पण ज्यात वाळल्यावर नव्वद टक्क्यांच्या वर जस्ताची पूड उरते तो चांगला, कारण पुडीचे कण एकमेकांना आणि लोखंडाला टेकतात म्हणून जस्ताचं काम थोडं करतात. अट एवढीच की खाली घासून पांढरं केलेलं लोखंड पाहिजे, गंजावर मारला तर साधा पेंट. बुडवलेल्या मालाला साइटवर कुठं वेल्ड करावं लागलं, कापावं लागलं तर त्या जागी हाच, दोन-तीन हात देऊन १०० मायक्रॉनपर्यंत. आख्ख्या गेटला मारायला नाही. आणि सिल्वर पेंट म्हणजे वार्निशमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या कपच्या, त्या वार्निशमध्ये बुडालेल्या असतात, लोखंडाला टेकत नाहीत. झाकण आहे, बाकी काही नाही. दुकानदार जे सांगतोय ते चूक आहे.

गोठ्याच्या शेडबद्दल तू विचारलं नाहीस पण मी बोलतो, कारण यात लई जण चुकतात. छपराला हल्ली गॅल्व्हल्यूम पत्रा लावतात, त्यात ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४३.४ टक्के जस्त, बाकी सिलिकॉन, आणि नुसत्या उघड्या छपराला तो जस्ती पत्र्यापेक्षा जास्त टिकतो. पण गोठ्यात मुताचा अमोनिया वर जाऊन पत्र्याच्या खालच्या बाजूला दवात मिसळतो, आणि अ‍ॅल्युमिनियमला अल्कली चालत नाही. बेळगावात अल्युमिना काढायचा कारखाना आहे तिथं बॉक्साइटमधलं अ‍ॅल्युमिनियम विरघळवायला कॉस्टिक सोडाच, म्हणजे अल्कलीच, वापरतात, यावरून समज. ओल्या सिमेंटचं पाणी सुद्धा तसंच. गोठा चारी बाजूनं बंद असेल तर खालच्या बाजूला चांगला पेंट असलेला पत्रा घे आणि कळसाला वारं जायची जागा ठेव. आणि वर कुठं तांब्याचा पाइप असेल, सोलरचा असतोच, तर त्याचं पाणी जस्ती पत्र्यावर गळू देऊ नको, विरघळलेलं तांबं जस्तावर बसून भोकं पाडतं.

जस्तावर पेंट द्यायचाच असेल, रंग पाहिजे म्हणून, तर साधा ऑइल पेंट मारू नको. त्यातल्या तेलाचा जस्ताशी साबण होतो, अक्षरशः साबण, आणि वर्षात पापुद्रे निघतात. आधी हलकी वाळू मारून किंवा एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरणारा पहिला हात, देऊन, मग इपॉक्सी, मग वर पॉलियुरेथेन. असं जस्त आणि पेंट जोडीनं केलं तर दोघांचं आयुष्य नुसतं बेरीज होत नाही, बेरजेच्या दीडपट आणि त्याहून जास्त टिकतं, कारण पेंट जस्ताला राखतो आणि जस्त पेंटखाली गंज पसरू देत नाही.

निकेल-क्रोम तुझ्या कामाचं नाही, पण बाथरूमच्या नळासारखी चकाकी गेटला मागणारं गिऱ्हाईक येतंच. ते झाकण आहे, घराच्या आत ठीक, बाहेर पावसात टाचणीएवढ्या डागातून गंज येणार. आमच्या इकडं हायड्रॉलिकच्या रॉडला हार्ड क्रोम करतात, त्या क्रोमलाही बारीक तडे जन्मापासूनच असतात, पावसाळ्यात तेल न लावता पडून राहिला की रॉडवर ठिपके उठतात, म्हणून चांगली लोकं खाली निकेलचा थर देतात.

तुझ्या त्या तांबड्या पडलेल्या गेटांचं आता काय करायचं. सगळी परत आणून बुडवायची म्हणशील तर जुना पेंट आधी पूर्ण जाळून किंवा वाळू मारून काढावा लागेल आणि बंद पाइपांना भोकं मारावी लागतील, ते ज्यांना परवडतंय त्यांचं कर. बाकीच्यांचं पावसाच्या आधी, मार्च-एप्रिलात, वेल्डच्या जागा ग्राइंडरनं पांढऱ्या कर, त्याच दिवशी जस्ताच्या पुडीचा प्रायमर दे, दुसऱ्या दिवसावर ढकलू नको कारण रात्रीच्या दवानं परत तांबडं चढतं, आणि वर इपॉक्सी. आणि गेटचा खांब जिथं तांबड्या मातीत जातो तिथं खाली वीतभर आणि वर वीतभर इपॉक्सीचा जाड थर किंवा डांबरी पट्टी गुंडाळ, सिमेंटचा कट्टा जमिनीच्या वर घेऊन बाहेरच्या बाजूला उतार दे. खांब वरून कधीच जात नाही, तिथंच जातो. पहिल्या बुडवलेल्या गेटचे गेजवरचे आकडे पाच जागी घेऊन इथंच टाक, जॉइंटजवळचा आकडा धरून, मग बघू प्लांटवाल्यानं काम बरोबर केलंय का.